“काका, आज उडायचं नाही!”

सुट्टीत कुठे जायचे हा प्रश्न आमच्या नौपाड्यात दिवाळीचा फराळ संपायच्या आत निघतो. गोखले रोडवरच्या दुकानात चकल्यांचे पीठ घेताना दोघी भेटल्या की पहिला प्रश्न प्रकृतीचा आणि दुसरा “मे महिन्यात कुठे?” हा. मग कोकणाच्या गाडीचे आरक्षण किती मिनिटांत संपले, यात्रा कंपनीने केरळात पोळी दिली की नाही, मुलाने परदेशी बोलावले तर हवेला मानवेल काय, अशी चर्चा रंगते. या चर्चेत गेली दोन वर्षे आमच्या घराला थोडा मान मिळतो आहे, कारण आम्ही उभयता पुतण्याच्या विमानातून सहलीला जाऊन आलो. “पुतण्याच्या?” हा शब्द समोरचा माणूस ज्या सुरात उच्चारतो तो ऐकण्यासारखा असतो. त्यानंतरचे दोन प्रश्न ठरलेले. “खर्च किती आला?” आणि “भीती नाही का वाटली?”

या दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर द्यावीत म्हणून हा लेख. शिवाय आता मराठी घरांतली पुष्कळ मुले परदेशी आहेत, त्यांपैकी काही हौसेने विमान चालवायला शिकतात आणि आईवडील गेले की त्यांना विमानात बसवतात. अशा घरांना आमचा अनुभव उपयोगी पडेल.

नव्या वाहनाकडे संशयाने पाहणे हे ठाणेकरांना नवे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली पहिली गाडी आमच्याच ठाण्याला आली. चौतीस किलोमीटरच्या त्या प्रवासाला सुमारे सत्तावन्न मिनिटे लागली आणि चौदा डबे ओढायला तीन इंजिने होती. त्या दिवशी जे लोक दुतर्फा उभे राहून पाहत होते त्यांची नातवंडे-पतवंडे आज तीच गाडी तीन मिनिटे उशिरा आली तरी कुरकुरतात. छोट्या विमानाचे मात्र तसे झाले नाही. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ ते आकाशात आहे, पण आपल्या अंगणात उतरलेले नाही.

श्रीमंतांचे नव्हे, हौशी माणसाचे विमान

खाजगी विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उद्योगपती आणि सिनेनट येतात. आमच्या पुतण्याचे विमान त्या जातीचे नव्हते. मुळात ते त्याचे नव्हतेच. कॅलिफोर्नियात तो नोकरी करतो आणि तिथल्या एका विमान-मंडळाचा सभासद आहे. आपण वाचनालयातून पुस्तक आणावे तसे सभासदांनी मंडळाचे विमान तासावर न्यायचे. विमान सेस्ना १७२ जातीचे. एक इंजिन, एक पंखा, चार खुर्च्या, आणि पंख डोक्यावर, त्यामुळे खाली पाहायला आडकाठी नाही. १९५६ पासून या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली आहेत. इतकी दुसऱ्या कुठल्याही जातीची झालेली नाहीत. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, तासाला पेट्रोल सुमारे चौतीस लिटर. भाडे इंधनासह तासाला दोनशे डॉलरच्या आतबाहेर पडले. चौघांत वाटले तर रकमेने छाती दडपत नाही, पण वडापाव खाण्याइतके स्वस्तही नाही.

परवान्यासाठी तिथे वय सतरा वर्षे पुरे लागते आणि निदान चाळीस तासांचे उड्डाण करावे लागते. आपल्याकडेही खाजगी वैमानिकासाठी हाच सतरा वर्षे आणि चाळीस तासांचा हिशेब आहे. एक अट मात्र पक्की. असा वैमानिक प्रवाशांकडून भाडे घेऊ शकत नाही. अमेरिकेत तो फार तर खर्चाची सारखी वाटणी करू शकतो. म्हणजे विमानात बसणारी माणसे घरची किंवा स्नेहाची असतात. ही गोष्ट वरवर साधी दिसते, पण सगळे सुख आणि सगळा धोका तिच्यातच आहे. तिकडे मी येतोच.

पैठणी म्हणजे अडीच मिनिटे

२०२३ सालच्या जूनमध्ये आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पुरी होत होती. पुतण्याने आणि सूनबाईने बेत आखला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पालो आल्टो म्हणून गाव आहे, तिथून निघायचे, वाटेत पासो रोबल्स गावी जेवायचे आणि दुपारी कॅटालिना बेटावर उतरायचे. हे बेट लॉस एंजेलिसच्या समोर समुद्रात आहे. त्याचा विमानतळ डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सोळाशे फुटांवर आहे, आणि बेटावर रानगवे मोकळे हिंडतात. खाली बंदराच्या गावात दोन रात्रींसाठी खोल्या घेतल्या होत्या. पैसे आगाऊ भरलेले, परत न मिळणारे.

निघायच्या आदल्या रात्री पुतण्याने दिवाणखान्यात वजनकाटा आणून ठेवला. बायकांना वय विचारू नये म्हणतात. वजनाबद्दल तर बोलायलाच नको. पण तिथे भिडस्तपणा चालत नाही. या विमानाने उडताना एकंदर वजन ११५७ किलोपेक्षा जास्त असता कामा नये. विमान स्वतःच सुमारे ७७० किलोचे. राहिले ३८७. आम्ही चौघे काट्यावर चढलो तेव्हा बेरीज झाली २८१. उरले १०६ किलो, आणि त्यात सामान आणि पेट्रोल दोन्ही बसवायचे! सौभाग्यवतींच्या पिशव्यांचे वजन भरले चौतीस किलो. त्यात मेथीचे लाडू, धपाटी, लोणच्याची बरणी, थालिपिठाची भाजणी आणि तव्यासकट सगळा संसार होता.

“काकू, एक किलो सामान घेतलं की एक किलो पेट्रोल कमी,” पुतण्या म्हणाला. “एक किलो पेट्रोल म्हणजे अडीच मिनिटांचं उडणं.”

मग त्या रात्री आमच्या घरात किलोंचा हिशेब मिनिटांत झाला. तवा पाच मिनिटे. लोणच्याची बरणी पावणेचार. पुतण्याच्या कॅमेऱ्याची तिवई पाच मिनिटे, ती त्याने स्वतःच मुकाट्याने काढली. शेवटी सौ.नी पैठणी हातात घेतली. बेटावर चाळिसाव्या वाढदिवसाचा फोटो पैठणीतच काढायचा हे तिने नौपाड्याहून निघतानाच ठरवले होते.

“हिची किती?”

“अडीच मिनिटं, काकू.”

“ती मात्र राहू दे.”

पैठणी राहिली. सामान अठरा किलोवर आले आणि सोळा किलो पेट्रोल वाढले. एवढ्याशा काटछाटीने आम्ही चाळीस मिनिटे जास्त हवेत राहू शकत होतो. या चाळीस मिनिटांचा उपयोग काय, असे मी विचारले. पुतण्या म्हणाला, “काही नाही काका. परत फिरावं लागलं तर असावीत.”

आकाशातून शेते

सकाळी विमानापाशी गेलो तर पुतण्या लगेच चढेना. आपला भटजी सत्यनारायणाच्या पूजेत जशी एकेक वस्तू जाग्यावर आहे की नाही ते पाहतो, तसा तो विमानाभोवती फिरला. पंखा हाताने चाचपला, पंखांचे सांधे हलवून पाहिले, टाकीखालची कळ दाबून थोडे पेट्रोल काचेच्या नळकांड्यात काढले आणि उन्हात धरले. पेट्रोलात पाणी असले तर ते खाली बसते आणि वेगळे दिसते. रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी धरू शकते, आणि हवेत इंजिनाने पाण्याचा घोट घेतला तर रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नसते. पुढच्या खुर्चीवर सूनबाई हातात यादी घेऊन बसली. ती एकेक ओळ वाचायची आणि तो “झालं” म्हणायचा. दोन वर्षांच्या सरावाने त्याला ती यादी पाठ होती, तरी वाचल्याशिवाय एकही कळ फिरली नाही.

एक नियम त्याने सर्वांना सांगितला. वर चढताना आणि खाली उतरताना कोणी बोलायचे नाही. दुसरे विमान दिसले तर मात्र बोट दाखवून ओरडायचे.

आणि मग धावपट्टी सरकली, खाडीचे पाणी तिरके झाले आणि आम्ही वर होतो. मोठ्या विमानात आपण ढगांवरून जातो आणि खाली काय आहे ते समोरच्या पडद्यावर पाहतो. इथे तीन-साडेतीन हजार फुटांवरून सगळे ओळखू येते. सालिनास नावाच्या नदीचे खोरे लागले. त्यात कोबी आणि सलाडाच्या पाल्याची शेते अशी आखीव, की कोणी हिरव्या खणांची ओळ वाळत घातली आहे असे वाटावे. एका शेतात पाण्याचे फवारे चालू होते आणि प्रत्येक फवाऱ्यावर इंद्रधनुष्याचा तुकडा होता. आवाज बराच होतो, म्हणून सर्वांच्या कानांवर बोलण्या-ऐकण्याची यंत्रे. ऊन चढले तसे गरम हवेचे झोत खालून लागू लागले आणि विमान माळशेज घाटातल्या एस्टीसारखे हिसके देऊ लागले. सौ.ने माझा हात धरला. भीती वाटली का, या प्रश्नाचे खरे उत्तर असे की पहिली दहा मिनिटे वाटली आणि मग खाली पाहण्यात ती विसरलो.

सव्वा तासात पासो रोबल्स आले. मोटारीने याला तीन तास लागतात. विमानतळावर ना रांगा, ना तपासणी, ना कोणी तिकीट विचारले. आपण उतरायचे, दोरीने विमान बांधायचे आणि जेवायला जायचे. अशी सार्वजनिक वापराची सुमारे पाच हजार विमानतळे त्या देशात आहेत, हे ऐकून मला आपल्या गावोगावच्या एस्टी थांब्यांची आठवण झाली.

थांबलेली मंडळी

जेवण झाले. पुतण्या हवामानाचे आकडे पाहायला गेला आणि परत आला तो दारातच म्हणाला, “काका, आज उडायचं नाही.”

डोक्यावर स्वच्छ निळे आकाश होते. ऊन असे की ठाण्याचा मे बरा. पण त्या किनाऱ्याची गंमत निराळी आहे. तिथला समुद्र थंड असतो. त्याच्यावरची हवा गार होते आणि तिच्यात ढगांचा सपाट थर धरतो. हा थर हजार-दीड हजार फुटांवर किनाऱ्याला चिकटून बसतो. एरवी दुपारपर्यंत उन्हाने तो विरतो, पण जूनमध्ये कित्येकदा दिवसचे दिवस हलत नाही. तिथल्या लोकांनी या मळभाला जून महिन्याचेच नाव दिले आहे. सांता बार्बराला ढग नऊशे फुटांवर होते, आणि कॅटालिनाचा सोळाशे फुटांवरचा विमानतळ त्या ढगाच्या पोटातच होता.

पुतण्याचा परवाना डोळ्यांनी पाहून उडण्याचा. ढगात फक्त यंत्रांकडे पाहून उडण्याचा परवाना वेगळा असतो. त्याला निराळे शिक्षण आणि निराळी परीक्षा असते.

आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. सहापर्यंत थांबलो. तेवढ्यात एक मध्यमवयीन जोडपे आले, विमानात बसले आणि दक्षिणेकडे उडून गेले. आता चौघांच्याही मनात एकच गोष्ट आली, पण बोलले कोणी नाही. त्या वैमानिकाकडे यंत्रांचा परवाना होता, हे पुतण्याने न विचारता सांगितले. त्याच्या आवाजात थोडा ओशाळेपणा होता, आणि त्या ओशाळेपणाचीच मला खरी काळजी वाटली.

कारण विचार करा. चाळिसावा वाढदिवस, आगाऊ भरलेले पैसे, भारतातून आलेले काका-काकू, सोमवारी परत कामावर जायचे, आणि मघाच दुसरे विमान गेलेले. अशा वेळी तरुण मुलाच्या मनावर जे ओझे येते ते वजनकाट्यावर दिसत नाही. कंपनीच्या विमानात वैमानिकाला प्रवाशांचे चेहरे दिसत नाहीत. घरच्या विमानात ते त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेले असतात.

एकशे अठ्ठ्याहत्तर सेकंद

त्या रात्री पुतण्याने मला एका जुन्या प्रयोगाची हकीगत सांगितली. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने यंत्रांवरून उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना घेतले. सोबत शिक्षक बसवला आणि ढगात शिरल्यावर होते तसे बाहेरचे काही दिसणार नाही अशी योजना केली. विसांतले वीसही जण थोड्याच वेळात विमानावरचा ताबा गमावून बसले. कोणी वीस सेकंदांत, कोणी आठ मिनिटांत. सरासरी निघाली एकशे अठ्ठ्याहत्तर सेकंद. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत.

हे का होते? आपल्याला वर-खाली समजते ते डोळ्यांनी आणि कानाच्या आत असलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतल्या द्रवाने. क्षितिज दिसेनासे झाले की भिस्त त्या नळ्यांवर राहते. विमान हळूहळू एका बाजूला वळू लागले तर थोड्या वेळाने नळ्यांतला द्रव विमानाबरोबर स्थिर होतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे मन सांगते. प्रत्यक्षात विमान गिरक्या घेत खाली येत असते. मन खोटे बोलते आणि यंत्रे खरे, पण सराव नसेल तर माणूस मनाचेच ऐकतो.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन केनेडी यांच्या बाबतीत असेच घडले. हे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव. चुलतबहिणीच्या लग्नासाठी ते पत्नीला आणि मेव्हणीला घेऊन स्वतःच्या छोट्या विमानाने निघाले. धुरकट हवा, रात्र आणि खाली समुद्र. क्षितिज दिसत नव्हते आणि यंत्रांवरून उडण्याचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीत निघाले की दिशाभ्रम होऊन त्यांचा ताबा सुटला. लग्नघरी वेळेवर पोहोचायचे होते. कोणत्या घरात हे कारण परके आहे?

घरच्या माणसांना घेऊन धाडस करण्याचे वेड जुनेच. १९३२ साली हचिन्सन नावाचे अमेरिकन गृहस्थ पत्नी, दोन लहान मुली आणि सोबतचे लोक धरून आठ जणांनिशी विमानाने अटलांटिक ओलांडायला निघाले. ग्रीनलंडजवळच्या बर्फाळ समुद्रात त्यांना उतरावे लागले, आणि ‘लॉर्ड टॅलबट’ नावाच्या मासेमारी बोटीने सर्वांना वाचवले. दैव बलवत्तर म्हणून निभावले.

पण इलिनॉयच्या प्रयोगाचा उत्तरार्ध मला जास्त मोलाचा वाटतो. त्याच विसांना मग एक साधी कृती शिकवली. ढगात शिरलो असे कळताच घाबरायचे नाही, यंत्राकडे पाहत सावकाश वळण घ्यायचे आणि आलो त्याच दिशेने परत जायचे. एवढे शिकल्यावर जवळजवळ सर्वांना सुखरूप बाहेर पडता आले. म्हणजे प्राण वाचवणारी विद्या कुठली, तर माघारी वळण्याची!

हर्णैच्या माहेरवाशिणीचे मत

दुसऱ्या दिवशीही ढग तसेच. बेटावरच्या खोल्यांचे पैसे बुडाले. मोटार भाड्याने घेऊन चार-पाच तास जावे आणि पुढे बोट धरावी, असाही विचार झाला, पण मग विमान इथे राहायचे आणि नोकऱ्या तिकडे.

पासो रोबल्स मात्र वाईट गाव नाही. ओक वृक्षांमधली वाट असा त्या नावाचा अर्थ. गरम पाण्याचे झरे आहेत. पोलंडचे थोर पियानोवादक पाडेरेव्स्की, जे पुढे १९१९ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान झाले, ते आखडलेल्या हातांवर उपचारासाठी इथे येत. त्यांनी इथे जमीन घेऊन द्राक्षेही लावली. विमानतळाला लागूनच जुन्या लढाऊ विमानांचे संग्रहालय आहे. तिथे आम्ही दुपार काढली.

संध्याकाळी पुतण्या म्हणाला, “काकू, तुमचा वाढदिवस मी वाया घालवला.”

सौ. हर्णैची. तिच्या आजोबांचे मचवे होते. ती म्हणाली, “अरे, आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्यात घालत नाहीत. घरात पैसा नसला तरी नाही, पोटात भूक असली तरी नाही. आजोबा किनाऱ्यावर बसून जाळी विणायचे आणि समुद्राकडे बघायचे. त्यांना कोणी भित्रा म्हटलं नाही. ‘आज नाही’ असं म्हणायचा हक्क तांडेलाचा असतो, आणि तो त्याला घरच्यांनी द्यायचा असतो. मला ते बेट बघून काय करायचंय? मला तू हवास.”

मग तिने पैठणी नेसली, आणि त्या लहानशा उतारशाळेच्या अंगणात, ओकच्या झाडाखाली, आमचा चाळिसावा फोटो निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेकडची हवा निर्मळ होती. सव्वा तासात पालो आल्टोला पोहोचलो. कॅटालिना आम्ही आजतागायत पाहिलेले नाही.

आपल्याकडे कधी?

आता शेवटचा प्रश्न. हे सुख ठाण्याहून कोकणात जाताना का मिळू नये?

आपला आरंभ काही वाईट नव्हता. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ चा, जुहूचा विमानतळही त्याच सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे एका छोट्या पस मॉथ विमानातून जुहूलाच उतरले. हचिन्सन मंडळी बर्फात अडकली त्याच सालची ही गोष्ट. आणि पहा, पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची विमाने मुंबईऐवजी पुण्याला उतरत. आपल्या हवाई वाहतुकीच्या बाळपणीच निसर्गापुढे नमते घेण्याचा धडा गिरवलेला आहे.

हौसेचीही वाण नाही. ठाण्यात ज्यांची कापडगिरणी होती त्या रेमंडचे विजयपत सिंघानिया १९८८ साली अगदी हलक्या विमानातून एकटे इंग्लंडहून भारतात आले. त्याला तेवीस दिवस लागले. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहणारे कॅप्टन अमोल यादव यांनी तर इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले. मूळचे केरळचे आणि इंग्लंडात स्थायिक झालेले अशोक थामरक्षन यांनी टाळेबंदीच्या काळात घरच्या बागेत चार आसनी विमान जुळवले, त्याच्या नोंदणीच्या अक्षरांत धाकट्या मुलीचे नाव गुंफले आणि २०२२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया अशा सफरी केल्या.

अडते ते इतर गोष्टींनी. अशा विमानाला लागणारे खास पेट्रोल आपल्याकडे २०२२ पर्यंत बाहेरूनच येई. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते गुजरातच्या कारखान्यात तयार करायला घेतले. अमेरिकेत स्वच्छ हवेत पुष्कळ ठिकाणी कोणाला न विचारता उडता येते. आपल्याकडे प्रत्येक उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो आणि हवाई संरक्षण खात्याचा परवाना-क्रमांक घ्यावा लागतो. सरहद्दीचा देश, तेव्हा त्यालाही कारण आहे. आणि धावपट्टी म्हणजे जमीन. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. पण त्या जमिनीवरून शेतकरी आणि सरकार यांच्यात वाद आहे आणि २२ जून २०१७ रोजी तिथे आंदोलन पेटले होते. ज्यांच्या शेतांवर ती पट्टी उभी राहिली त्यांच्या प्रश्नापुढे आमच्या सहलीचा प्रश्न किरकोळ आहे, हे मी समजून आहे.

तरी हिशेब करायला कोणाची बंदी? मुंबईहून सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ, जो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तो सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर. पुतण्याच्या सेस्नाला लागतील एक तास पस्तीस मिनिटे आणि पंचावन्न लिटर पेट्रोल. रस्त्याने दहा-बारा तास. खाली डावीकडे सह्याद्री, उजवीकडे समुद्र, आणि मध्ये हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग ही ओळ. हे दृश्य छोट्या विमानातून पाहणारी पिढी आपल्या घरांत कधीतरी निघेलच.

त्या पिढीच्या घरच्यांसाठी तीन गोष्टी सांगून पुरे करतो. वजन खरे सांगा, सामानाचेही आणि स्वतःचेही. सोमवारी कामावर हजर व्हायचेच असेल तर शनिवारी छोट्या विमानाने निघू नका, कारण घड्याळ हा सर्वांत जड प्रवासी आहे. आणि निघण्यापूर्वी, घरातल्या सर्वांत वडील माणसाने चालकाला सर्वांसमक्ष सांगून ठेवावे, “बाळ, तू परत फिरलास तर आम्ही एका शब्दाने विचारणार नाही.” या वाक्याला वजन अजिबात नाही. विमानात त्याच्यासाठी जागा नक्की होते.